बोअरच्या पाण्याचे दात

मी मूळची पालीची, धरणाचं पाणी पिऊन वाढले, दात माझे लसणाच्या पाकळ्यावाणी पांढरेफटक. लगीन होऊन घाटनांदूरच्या अंगाला आले, तर इथं सासू, जावा, शेजारणी, सगळ्यांचे दात मिसरीनं काळे. मला वाटलं, आपल्यातच कायतरी उणं हाय. काय सांगू तुम्हाला, किती येडी होते मी! तव्यावर तमाकू जाळायची, चुरायची, सकाळ-संध्याकाळ दातांना घासायची, चक्कर येऊन चुलीपुढं आडवी व्हायची, पुन्हा उठून घासायची. कशापायी, तर दात काळे व्हावेत म्हणून! सासू म्हणली, आता दिसतीस आमच्यातली, आन मी आरशात बघून खूश. आता चार दात राहिलेत, तेबी एकमेकाला ओळख देत न्हाईत.

ही माझी नात कोमल, थोरल्या लेकाची. तिनं मिसरीला बोट लावलं न्हाई, तरी दातांवर तपकिरी पट्टे. गावात बोअर पडलं, ते पाणी पिऊन वाढलेल्या लेकरांचे दात असेच. हसताना तोंडावर ओढणी, फोटोत ओठ मिटलेले. दोनदा पाहुणे दात बघून माघारी गेले. मंग काय, कोळशाची काळी पेस्ट आणली, दात तसेच, बेसिन तेवढं काळं. मोबाईलवरून चिकटवायच्या पट्ट्या मागवल्या, त्यानं पांढरं होतं ते आणखी पांढरं झालं आन डाग जास्तच उठून दिसायला लागले. मंग सून म्हणली, बोअरच्या पाण्याचा हंड्यावर थर बसतो तो आपुन लिंबानं काढतो, पाणी तेच, मंग दातावरचा का म्हणून निघायचा न्हाई? मलाबी पटलं. पोरीनं रोज लिंबू-मीठ घासलं. डाग जागेवर, दात मात्र झिजले, गार पाणी लागलं की डोळ्यांत पाणी. अंबाजोगाईची दाताची डॉक्टरीणबाई लई चिडली. म्हणली, हंड्यावर थर वरून बसतो, हा डाग दात तयार होतानाच आतून आलाय, मिसरीचा, गुटख्याचा डाग वरचा असतो, तो खरवडून निघतो, ह्याला घासणं आधी बंद करा.

गेल्या माघात दिंद्रुडकडचे पाहुणे आले. पोरगा रुबाबदार, दात दुधावाणी. त्याची आई म्हणली, दातांचं काय घेऊन बसलात, आमाला पोरगी पसंत हाय. सून आत जाऊन डोळे पुसायला लागली. मी पोरापुढं लाडू ठेवला. तो चिमटी-चिमटीनं मोडून तोंडात सारायला लागला. मी म्हणलं, आरं, बायको बघायला आलास का चिमणी व्हायला? घे की मोठा घास. सगळे हसले, तोबी हसला, पण तोंड दोन बोटं उघडलं न्हाई. माझं हसू तिथंच थिजलं. माझे मालक गुटखा खायचे, तेबी असेच भाकर दुधात कुस्करून प्यायचे, नंतर गालाला भोक पडलं. पुढचं सांगत न्हाई मी.

सरळ इचारलं, बाबा, गुटखा कवापासून? त्याची आई म्हणली, सोडलाय की त्यानं, दात बघा ना, आत्ताच डॉक्टरकडून साफ करून आणलेत. मी म्हणलं, दात साफ झाले गं बाई, तोंड कुठं उघडतंय? डॉक्टर काय म्हणला तोंडाचं? ती पदर नीट करायला लागली. मंग मी म्हणलं, आधी त्याचा इलाज करा, लग्नाचं आमी न्हाई म्हणतो. चहा तसाच ठेवून पाहुणे उठले.

लेक म्हणला, म्हातारे, जमलेलं मोडलंस. सून माझं ताट आपटून वाढती. कोमल एकदाच बोलली, आज्जी, माझे दात बघून हो म्हणणारा तेवढा एकच होता. दुसरा येईल असं म्हणायला माझी जीभ उचलत न्हाई, न्हाईबी यायचा.

तवापासून ती बोलत न्हाई. जेवायला माझ्याशेजारीच बसती, पण पाठ करून. बसू दे. मी तिच्या पाठीकडं बघून मनात म्हणते, धर राग, जन्मभर धर, पण माझ्यावाणी भोग तुझ्या वाट्याला नगं, लई वर्षं जग, माझे बाई.