चौऱ्याऐंशीची कडी

शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणाऱ्या तुटलिंगेन गावच्या इस्पितळात गेर्लिंडेबाईंचं विणकाम थांबलं होतं, कारण समोरच्या म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं रंगात आलं होतं.

“माझ्या पायाची तुंबलेली नस आतून खरवडायला दांड्याच्या टोकाची कडी घालणार, ती कुठली ते आधी कळू दे.”

“लोटार, जन्मभर कारखान्यात तूच त्या कड्या घासल्यास ना?”

“म्हणून तर! काठ जरासा खरबरीत राहिला तरी नस फाटते. हल्लीच्या पोरांना कुठलं कळतंय!”

“थांब, नर्सबाई आल्या.”

“काका, डॉक्टरांनी जुनीच कडी काढलीय. दांड्यावर तुमची खूण आहे, चौऱ्याऐंशी सालची.”

“ऐकलंस? तुझ्याच हातची!”

“चौऱ्याऐंशी?”

“आपलं जमलं ते साल. रोज कारखान्याच्या फाटकाशी उभी असायचे मी.”

“खिडकीतून दिसायचीस. कड्या घासताना नजर तिकडेच.”

“दिवसभर?”

“नर्सबाई, हल्लीच्या पोरांनी केलेली एखादी असेल का हो?”