चुटकीला चालत

बँकेत खातं उघडायच्या रांगेत माझ्यापुढे एक वेटर आणि त्याची मावशी उभी होती.

"मावशी, इथे 'उत्पन्नाचं साधन' विचारलंय."

"मग लिही की. आजवर काय लिहायचास?"

"आजवर विचारलंय कुणी? मालक म्हणायचा, पगार कशाला, टिप मिळते ना."

"आणि टिप त्याच्या डब्यात. तुझ्या हातावर मर्जीप्रमाणे."

"म्हणून तर आम्ही सहा जणांनी ठरवलं. बिल ठेवताना हळूच सांगायचं, साहेब, टिप ठेवू नका, आमच्यापर्यंत पोचत नाही."

"ऐकलं लोकांनी?"

"नुसतं ऐकलं नाही. जाताना गल्ल्यावर थांबून मालकालाच विचारायला लागले, या पोरांना पगार किती देता हो? आठ दिवस त्याला तोंड लपवायला जागा उरली नाही. नवव्या दिवशी पगार ठरला. भांडी घासणाऱ्या काकूंचासुद्धा."

"काकू होत्या तुमच्यात?"

"नव्हत्या. आम्ही घेतलं त्यांना."

"शहाणा माझा. म्हणजे आता टिप बंद?"

"ज्याला द्यायची तो देतो, आम्ही वाटून घेतो. काल ते चुटकी वाजवून बोलावणारे साहेब आले होते. पूर्वी मी धावत जायचो, हसत."

"आणि काल?"

"चालत गेलो."

"टिप ठेवली त्यांनी?"

"नाही ठेवली. मी म्हटलं, पुन्हा या."

"बरं, रांग सरकली. त्या रकान्यात लिहिलंस का?"

"लिहितोय. पगार."

"अक्षर मोठं काढ जरा. हे मागचे कधीचे वाकून बघताहेत, त्यांनाही वाचता येऊ दे."