सुनावणीचा कोट

वहिनी : हलू नका म्हटलं ना, भाऊजी! टाचणी घुसली तर मला बोल लावायचा नाही.

भाऊजी : श्वास तरी घेऊ की नको, वहिनी?

वहिनी : घ्या, बेताबेताने घ्या. लग्नातला कोट आहे हा. तुम्ही शिक्षण मंडळावर निवडून आलात आणि बिचाऱ्या बटणांनी धीर सोडला. खाता तरी काय बैठकीत?

भाऊजी : बिस्किटं असतात. चहा असतो.

वहिनी : तरीच! तोंड भरलेलं असल्यावर बोलणार कोण? पोटाला सोडते थोडं. आता हात वर करा, काखेत बघू द्या.

भाऊजी : काखेत राहू दे घट्टच. खांदे कसे ताठ दिसतायत बघा आरशात. आणि तिथे हात वर करायचं काही काम पडत नाही.

वहिनी : म्हणजे? मतं कशी देता मग?

भाऊजी : अध्यक्ष म्हणतात, "ज्यांचा विरोध असेल त्यांनी हात वर करावा." कोणी करत नाही. झाला ठराव मंजूर. पटापट उरकतं सगळं.

वहिनी : आणि बाजूने किती आहेत, ते नाही विचारत?

भाऊजी : गरजच काय? विरोध नाही म्हणजे बाजूने.

वहिनी : छान आहे की! म्हणजे डुलकी काढणारासुद्धा बाजूनेच.

भाऊजी : डुलकी वकीलसाहेब काढतात. मला नाही जमत, माझ्याकडे घंटा असते.

वहिनी : अगं बाई, ती घंटा! विसरलेच मी. लोक निवडून येतात आणि कारभार करतात, आमचे भाऊजी निवडून आले आणि घंटा वाजवतात.

भाऊजी : चेष्टा नका करू. पालकांना बोलायला ठरावीक वेळ दिलेला असतो. वेळ संपला की कोणीतरी वाजवायलाच हवी ना? नाहीतर एकेक जण पुराण लावतो.

वहिनी : आणि तुमचे अध्यक्ष बोलतात तेव्हा?

भाऊजी : तेव्हा घंटा टेबलाखाली ठेवतो.

वहिनी : ठेवा हं, तिला थंडी वाजेल. इकडे वळा. तिकडे नाही, दाराकडे. उद्या आमच्या गल्लीतल्या शाळेची सुनावणी. बंद करायची की चालू ठेवायची, ते म्हणे आम्हाला विचारून ठरवणार. खरं ना?

भाऊजी : अगदी खरं. खुली सुनावणी आहे. कोणीही यावं, काहीही विचारावं. एकदम पारदर्शक.

वहिनी : कामाच्या दिवशी, भर दुपारी चारला! ज्यांची पोरं त्या शाळेत जातात त्यातल्या कोणाला सुटी मिळते हो चारला? भाजीवालीला? पलीकडच्या ड्रायव्हरला? मीच हे शिलाईचं दुकान बंद करून येणार, म्हणून मी एकटीच बोलणार आहे.

भाऊजी : तेच सांगायचं होतं तुम्हाला. तुम्ही नका बोलू.

वहिनी : का बरं?

भाऊजी : बरं दिसत नाही. माझीच वहिनी उठून माझ्याच मंडळाला झाडणार. आणि वेळ संपला तर घंटा मलाच वाजवावी लागेल तुमच्यावर.

वहिनी : वाजवा की. तुमच्या निवडणुकीत दारोदार कोण हिंडलं? "आमच्या भाऊजींना मत द्या, शाळेचं भलं करतील." पाय सुजले होते माझे. त्या बायका आता समोरून आल्या की मी पलीकडच्या कडेने जाते. लाज वाटते मला.

भाऊजी : अहो, शाळेत मुलंच उरली नाहीत, त्याला मंडळ काय करणार?

वहिनी : उरली नाहीत की उरू दिली नाहीत? कोपऱ्यावरच्या न्हाव्याची मुलगी प्रवेशाला गेली तेव्हा "जागा नाही" म्हणून परत कोणी पाठवली? अर्धे बाक रिकामे होते!

भाऊजी : ते... ते वरून सांगितलं होतं.

वहिनी : तुम्हाला सांगितलं?

भाऊजी : प्रवेशाच्या दिवशी माझी पाळी होती दारात. अध्यक्ष म्हणाले, नवीन मुलं घेऊ नका सध्या. का ते मी विचारलं नाही.

वहिनी : तुम्ही विचारलं नाही. बरोबर आहे, बिस्किट असेल तोंडात. आधी पोरं परत पाठवायची, मग रिकामे बाक दाखवून गळा काढायचा! आणि वर चेहरे असे करायचे, जणू काही घरातलंच कोणी गेलं!

भाऊजी : वहिनी, टाचणी!

वहिनी : लागली? लागू दे. बाही करू द्या आता. हा कोट उद्याच का हवा हो? आजवर त्या निळ्या सदऱ्यावर जात होतात सगळ्या सुनावण्यांना.

भाऊजी : फोटो आहे.

वहिनी : सुनावणीचा फोटो?

भाऊजी : नाही, नाही. सुनावणीच्या आधी. तीनला. उजेड चांगला असतो म्हणून. पाटीचं अनावरण आहे ना.

वहिनी : कसली पाटी?

भाऊजी : तशी... साधीच आहे.

वहिनी : भाऊजी, माझ्या हातात कात्री आहे.

भाऊजी : मंडळाच्या नवीन कार्यालयाची.

वहिनी : कुठे होतंय नवीन कार्यालय?

भाऊजी : गल्लीतल्याच... त्या इमारतीत. जागा बरी आहे हो. पुढे अंगण आहे, गाड्या लावता येतात.

वहिनी : आमच्या शाळेत? तीनला पाटी लावणार आणि चारला आम्हाला विचारणार, शाळा ठेवायची का?

भाऊजी : पाटीवर पडदा टाकून ठेवणार आहेत. सुनावणी संपेपर्यंत.

वहिनी : पडदा टाकून! अरे, माणसं आहात की कोण! चोर तरी आधी चोरी करतो आणि मग लपतो. तुम्ही आधी फोटो काढून घेताय!

भाऊजी : हळू बोला. रस्त्यावर ऐकू जाईल.

वहिनी : जाऊ दे! तेवढं तरी पारदर्शक होऊ दे! आणि माझी चिंगी? एका पायाने अधू पोर. ही शाळा दोन घरं सोडून आहे, म्हणून कुबडी घेऊन एकटी जाते, एकटी येते. ही बंद झाली की पोरांना पाठवणार ती तुमची नवी शाळा टेकडीवर. वर्ग कुठे आहे तिचा?

भाऊजी : वरच्या मजल्यावर. पण शिपाई आहे ना. उचलून नेईल.

वहिनी : सातवीतल्या मुलीला शिपाई उचलून नेणार? रोज? सगळ्यांसमोर?

(दार ढकलून चिंगी आत येते. कुबडी भिंतीला टेकवते.)

चिंगी : काका! बरं झालं भेटलास. कोट मस्त दिसतोय हं. हात असे चिकटवून का उभा आहेस?

भाऊजी : तुझ्या आईने टाचलंय मला. शाळा सुटली?

चिंगी : कधीच. बाईंनी थांबवून घेतलं होतं. उद्या आईबरोबर मीपण बोलणार आहे. पाठ केलंय सगळं. तू घंटा वाजवतोस ना?

भाऊजी : हो... तसं बघायला गेलं तर.

चिंगी : मग एक सांग. वाक्य संपल्यावर वाजवतोस की मध्येच?

भाऊजी : घड्याळ बघून वाजवायची असते, चिंगे.

चिंगी : म्हणजे मध्येच. मग मी शेवटचं वाक्य आधी म्हणते. ते महत्त्वाचं आहे.

भाऊजी : कोणतं?

चिंगी : "मला माझ्या पायांनी शाळेत जायचं आहे." बाई म्हणाल्या, रडक्या आवाजात म्हणायचं नाही. म्हणून सारखं म्हणून बघतेय, म्हणजे सवय होईल. आई, भूक लागली.

वहिनी : आत झाकून ठेवलंय. हात धू आधी.

चिंगी : काका, उद्या भेटू. ओळख दाखव हं मला, नाहीतर तिथे गेलास की आमच्याकडे बघतच नाहीस.

वहिनी : गेली आत. ऐकलंत ना तिचं वाक्य? ऐकू नाही आलं? परत बोलावू?

भाऊजी : नको.

वहिनी : तिला सांगा ना, पाटी तयार आहे म्हणून. तिच्यावर पडदा टाकणार आहेत म्हणून. माझ्याच्याने नाही व्हायचं. पोर रात्रंदिवस पाठ करतेय, आणि ऐकणारे सगळे आधीच फोटो काढून, केस विंचरून बसणार. झाला तुमचा कोट. पोटाला सोडलाय, बाही बसवलीय. आजपर्यंत तुमच्याकडून शिलाई घेतली नाही, आजही नको. फक्त उद्या चारला तिच्याकडे बघून बसा, घड्याळाकडे नको. एवढं तरी कराल?

भाऊजी : वहिनी...

वहिनी : आता काय?

भाऊजी : काखेत जरा सैल करता येईल का?

वहिनी : मघाशी तर घट्टच हवा होता. खांदे ताठ दिसतात म्हणून.

भाऊजी : हो. पण हात वर जात नाही यात.

वहिनी : सैल केला तर फोटोत चुण्या पडतील हं.

भाऊजी : पडू देत.

वहिनी : अध्यक्ष बघतील.

भाऊजी : बघू देत. तुम्ही उसवा.

वहिनी : तुमचा काही भरवसा नाही मला, आधीच सांगते. उद्या तिथे गेल्यावर परत चहा येईल, बिस्किट येईल.

भाऊजी : माहीत आहे.

वहिनी : बरं. मग करा हात वर. असा अर्धा नाही, कोणी डोकं खाजवतंय असं वाटतं. पूर्ण. अजून वर. हां... आणि लगेच खाली घेऊ नका, माप घेतेय मी.