पळसझरीला दिलेला शब्द

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे ठाणेदार साहेब, प्रमुख पाहुणे म्हणून लाभलेले वरिष्ठ अधिकारी साहेब, व्यासपीठावरचे इतर सर्व मान्यवर, समोर बसलेले अंमलदार बंधू-भगिनी, पोलीस लाइनीतल्या माझ्या मैत्रिणी, आणि आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे आमचे हे, सहायक फौजदार माणिकराव. आपणा सर्वांना मी, पुष्पांजली, आदरपूर्वक नमस्कार करते.

निवेदकांनी आत्ता सांगितलं, "वहिनींनी दोन शब्द बोलावेत." मी खरोखर दोनच शब्द ठरवून आले होते. धन्यवाद, आणि जेवून जा. पण मी शाळेत मराठी शिकवते. माझ्या विद्यार्थ्यांना विचारा, घंटा झाल्याशिवाय बाईंचं बोलणं थांबत नाही.

आपण मला साडी दिलीत, ओटी भरलीत. फार बरं वाटलं. पोलिसाच्या बायकोचा सत्कार तिच्या नवऱ्याच्या निवृत्तीच्या दिवशीच होतो, तोवर ती घरात आहे हे कोणाला ठाऊक असतं? देऊळगाव राजाच्या बालाजीच्या यात्रेत हे वर्षानुवर्षं बंदोबस्ताला उभे राहिले. मी एकदा विचारलं, "दर्शन झालं का हो?" तर म्हणाले, "दर्शन कसलं? आमची पाठ देवाकडे अन् तोंड गर्दीकडे." नोकरी म्हणजे काय, ते मला त्या एका वाक्यात समजलं. इथे बसलेल्या प्रत्येक घरात असं एखादं वाक्य असेल.

मघा निवेदकांनी यांच्या सेवेतल्या बक्षिसांचं वाचन केलं. चोरीचा तपास, पुरातलं काम, निवडणुकीचा बंदोबस्त. मी अभिमानानं ऐकत होते. आणि मग त्यांनी वाचलं, "पळसझरी येथील जमाव संयमाने हाताळल्याबद्दल प्रशस्तिपत्र." टाळ्या झाल्या. निवेदकांची काहीच चूक नाही, त्यांच्या हातात जे दिलं ते त्यांनी वाचलं. टाळ्या वाजवणाऱ्यांचीही नाही. ठाणेदार साहेब, तुम्ही तर मागच्या वर्षी इथे आलात. पण साहेब, पळसझरी माझं माहेर आहे.

म्हणून आता दोन शब्दांचे थोडे जास्त होतील. हर्षल, तिकडून हातानं खुणा करू नकोस बेटा. माईक माझ्याकडे आहे.

पळसझरीच्या वरच्या अंगाला मोठा माळ आहे. सरकारी ई-क्लास जमीन, म्हणजे गायरान. गावची गुरं पिढ्यान् पिढ्या तिथंच चरली. माळाला लागून चाळीसेक घरांची शेती, त्यात माझ्या भावाची, पुंजाजीची चार एकर. आठ वर्षांपूर्वी बातमी आली की तिथे लष्कराचा तळ होणार, दारूगोळ्याचं कोठार आणि सरावाची जागा. आमच्या गावातली दोन मुलं सैन्यात आहेत, गाव सैन्याच्या विरोधात नव्हतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. माळ गेला तर गुरं कुठं न्यायची, आणि कोठाराच्या कुंपणाला लागून पोरंबाळं कशी वाढवायची? अर्ज झाले, निवेदनं झाली. मोजणीचा दिवस ठरला तेव्हा गाव माळाच्या रस्त्यावर जाऊन बसलं. दगड नाही, काठी नाही. भाकरी बांधून आणलेल्या, आणि टाळ.

त्या वेळच्या साहेबांना कोणीतरी सांगितलं की आपले माणिकराव या गावचे जावई आहेत. मग बोलणी करायला यांनाच पाठवलं. हे गावात गेले, पारावर बसले, चहा झाला. म्हणाले, "शांततेत बसा. घोषणा द्या, निवेदन द्या. तुम्हाला कोणी हात लावणार नाही. माझा शब्द आहे."

जावयाचा शब्द. गावानं तो डोक्यावर घेतला. माझी आई, गोजरबाई, तेव्हा सत्तरीच्या पुढे होती. तिला कोणीतरी म्हटलं, "बुढे, तू घरीच राह्य." ती म्हणाली, "काऊन? माहा जवाई तिथं उभा हाय. मी तं पुढंच बसन." आणि ती खरंच सगळ्यांच्या पुढे जाऊन बसली. तिच्याकडे बघून बाकीच्या बायाही पुढे आल्या.

दोन दिवस सगळं सुरळीत चाललं. ऊन होतं. बाया पोलिसांना पाणी नेऊन देत होत्या. बाहेरून मागवलेल्या तुकडीतल्या एका पोरसवदा शिपायाला आई म्हणाली होती, "बापू, टोपी काढ घडीभर. डोक्श्याले हवा लागू दे." तो लाजून हसला, असं माझी भावजय सांगते.

तिसऱ्या दिवशी मोजणीच्या गाड्या आल्या. बाया उठल्या नाहीत. पुन्हा बोलणी होतील असं सगळ्यांना वाटत होतं. यांनाही तेच वाटत होतं. तेवढ्यात वरून आदेश आला, आणि पोलिसांची ओळ पुढे सरकली.

त्या ओळीत हेही होते.

आईला वाटलं, हे थांबवतील. तिनं हाक मारली, "जवाईबुवा! ओ जवाईबुवा, सांगा ना त्यायले!" ती हाक माझ्या भावजयीनं ऐकली, शेजारच्या बायांनी ऐकली, आणि यांनीही ऐकली. मग काठ्या सुरू झाल्या. बसलेल्या माणसाला पळायचं असेल तर आधी उठावं लागतं, आणि म्हाताऱ्या माणसाला उठायला वेळ लागतो. आई चेंगराचेंगरीत पडली, तिचं खुब्याचं हाड मोडलं. पुंजाजी तिच्यावर आडवा झाला. त्याच्या उजव्या कोपरावर काठ्या बसल्या. तो हात आजही पुरता सरळ होत नाही. बैलगाडी जुंपताना तो डाव्या हातानं जू उचलतो.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'पोलिसांनी सौम्य बळाचा वापर केला.'

मी पोरांना शिकवते की विशेषण नामाबद्दल अधिक माहिती सांगतं. त्या आठवड्यात नेमका तोच धडा होता. मी फळ्यावर नाम लिहिलं, विशेषण लिहिलं आणि मला पुढे बोलताच येईना. पोरं म्हणाली, "बाई, बरं नाही का?" मी हो म्हटलं.

हे त्या संध्याकाळी घरी आले. बूट न काढता ओट्यावर बसून राहिले. मी समोर उभी राहिले आणि विचारलं, "तुम्ही मारलं का?" यांनी टोपी काढून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "मी काठी उगारली. खाली कुठं पडली, ते पाह्यलं नाही."

मी खोटं सांगणार नाही. 'नाही मारलं' असं म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं, आणि कदाचित मी विश्वासही ठेवला असता. ते तसं म्हणाले नाहीत.

आईला खामगावच्या दवाखान्यात ठेवलं होतं. हे दोन दिवसांनी साध्या कपड्यांत तिथे गेले. हातात मोसंबीची पिशवी. वॉर्डाच्या दारात पुंजाजी उभा होता, हात गळ्यात बांधलेला. तो आत जाऊन आईला म्हणाला, "भाऊजी आले." मी तिच्या उशाशी होते. आई म्हणाली, "त्यायले म्हना, येऊ नका. जवाई आला तं मले उठून डोक्यावर पदर घ्या लागते. अन् मले आता उठता येत नाही."

पुंजाजीनं बाहेर येऊन तेच शब्द सांगितले. वर एवढंच विचारलं, "भाऊजी, मार लागला त्याचं काई नाही. नोकरी हाय तुमची, हुकूम असते. पण शब्द काऊन देल्ला? तुमी शब्द नसता देल्ला, तं म्या मायले पुढं बसू देलं नसतं."

मोसंबी तिथल्या बाकावर ठेवून हे परत आले.

मला मात्र एकदा म्हणाले, "तो शब्द माझा नव्हता. साहेबांनी मला दिला, मी गावाला पोचवला. मला काय माहीत, वर काय ठरलंय?" मी म्हटलं, "ते खरं आहे. पण गावानं तो साहेबांचा म्हणून घेतला नाही. तुमचा म्हणून घेतला." त्यानंतर आमच्या घरात हा विषय निघाला नाही. मी डबा भरत राहिले, हे डबा नेत राहिले. संसार चालतो हो. काय वाटेल ते झालं तरी सकाळी कणीक भिजवावीच लागते.

तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल, पुढे यांनी मुद्देमाल खोलीचं काम मागून घेतलं. मघा एका वक्त्यांनी सांगितलं की गुडघेदुखीमुळे घेतलं. गुडघे यांचे आजही चांगले आहेत. पुन्हा काठी हातात यायला नको, म्हणून घेतलं. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. पण इतक्या वर्षांच्या संसारात काही गोष्टी न सांगता कळतात.

आई त्यानंतर दोन वर्षं खाटेवर होती. गेली तेव्हा हे माझ्यासोबत निघाले. पळसझरीच्या फाट्यावर एसटीतून उतरलो आणि हे तिथल्या पुलाच्या कठड्यावर बसले. म्हणाले, "तू जा." मी म्हटलं, "चला ना. मेलेलं माणूस पदर घेत नाही." तरी आले नाहीत. आईला खांदा दिला तो माझ्या भावानं, एका हातानं, आणि गावच्या पोरांनी. सगळं आटोपून मी फाट्यावर परतले, तर हे तसेच बसलेले, स्मशानाकडे तोंड करून.

आणि साहेब, सगळ्यात वाईट सांगू का? तो तळ तिथे झालाच नाही. वर्षा-दोन वर्षांत कळलं की जागा दुसरीकडे कुठे तरी पाहिली. माळाला मात्र काटेरी तार ओढून झाली होती, ती कोणी काढली नाही. शेरड्या तारेखालून जातात, गाई-म्हशींना जाता येत नाही. पुंजाजीवर आणि गावातल्या इतरांवर सरकारी कामात अडथळा आणल्याची केस झाली, ती अजून चालू आहे. तारखेला तो खामगावला जातो, आणि परतताना मला शाळेत भेटून जातो. आमच्या घरी येत नाही.

आजच्या कार्यक्रमाचं निमंत्रण मी त्याला फोनवर दिलं. म्हटलं, "ये रे. आता वर्दी उतरून राह्यली." तो म्हणाला, "ताई, मी त्या मांडवात नाही येत. तुमी दोघं या घरी, माही ना नाही." मग म्हणाला, "पन माय होती तवा यायचं होतं."

मी 'येते' म्हटलं आणि फोन ठेवला.

माझी कोणावर तक्रार नाही, असं मी म्हणणार नाही. आहे. पण ती आज, या समारंभात नाही. आमचे हे वाईट माणूस नाहीत. वाईट असते तर मला इतकं बोलायची गरजच पडली नसती. मला एवढंच वाटतं की इथे जे तरुण शिपाई बसले आहेत, त्यांच्यापैकी कोणाला उद्या असंच कुणा गावात शब्द घेऊन पाठवलं, तर त्यांनी आधी साहेबांना विचारावं, "हा शब्द टिकेल ना?" विचारायची सोय नसेल, तर गावात जाऊन चहा प्यावा, पण शब्द देऊ नये.

फार बोलले. आता आवरतं घेते. आपण सर्वांनी यांना इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, आज एवढ्या मायेनं निरोप देता आहात. लाइनीतल्या बायकांनी माझ्या बाळंतपणापासून हर्षलच्या परीक्षांपर्यंत कुठे कमी पडू दिलं नाही. हे ऋण मी विसरणार नाही. मंडप घालणाऱ्यांचे आणि स्वयंपाक करणाऱ्यांचेही आभार.

भाषणाच्या शेवटी, चुकलं-माकलं असेल तर पदरात घ्या, असं म्हणायची आपली रीत आहे. आज इथे प्रत्येक वक्त्यानं ते म्हटलं. कोणाचं काहीच चुकलेलं नव्हतं, तरी म्हटलं. पळसझरीला जाऊन मात्र ते कोणी म्हटलं नाही. तिथलं मी इथून म्हणू शकत नाही, ते ज्याचं त्यानं जाऊन म्हणायचं आहे. उद्या सकाळच्या एसटीनं मी माहेरी निघाले आहे. यांना अजून विचारलेलं नाही, आत्ताच तुमच्यादेखत विचारते.

याल ना?

उत्तर इथे देऊ नका. घरी द्या.

आणि मंडळी, आनंदाच्या कार्यात मी खडा टाकला असेल, तर तो तुम्ही मोठ्या मनानं बाजूला सारा. नमस्कार.