शास्त्रीबुवांच्या टोपीचा दिवा

मंडळी, सावरून बसा आणि एका प्रश्नाचं उत्तर मनाशी द्या. जे पाहून काहीच हवंसं वाटत नाही, तेच खरं सुंदर का? माना डोलवू नका. माना डोलवूनच रघुनाथशास्त्री खांबेटे फसले!

गाव हातणोली, कोकणातलं. तेव्हा गावात वीज होती ती फक्त देवीच्या देवळात – एक बल्ब, एक प्लग. शास्त्रीबुवांनी चाळीस वर्षं खपून नऊशे पानांचा ग्रंथ लिहिला होता. सार एवढंच – ज्यात हवं-नको उरत नाही, तोच सौंदर्याचा आनंद. बाकी सगळी भूक. आणि शाई कोणी केली? त्यांच्या पत्नीनं, द्वारकाकाकूंनी. काजळी धरून, घोटून. ग्रंथात त्यांचं नाव? छे हो!

एके दिवशी शहरातून डॉक्टर उज्ज्वला आल्या, मेंदूवर संशोधन करणाऱ्या. बरोबर एक टोपी, टोपीला पन्नास वायरी, वायरींना एक पेटी आणि पेटीवर तांबडा दिवा. म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, काही हवंसं वाटलं की मेंदूतली एक जागा जागी होते आणि हा दिवा लागतो. सुंदर चित्र पाहिलं तरी तीच जागा जागी होते."

"अशक्य," शास्त्रीबुवा म्हणाले. "मोदकाला लागणारा दिवा देवीचं रूप पाहून लागला, तर हा ग्रंथ देवळाशेजारच्या तळीत सोडीन."

झालं! सभामंडपात गाव लोटलं. पगडी उतरली, टोपी चढली. उकडीचा मोदक समोर धरला – दिवा लागला. मोदक खाल्ला – दिवा विझला. मग गाभाऱ्याचा पडदा सरला, देवीचं रूप दिसलं – आणि दिवा भक्कन लागला.

"मोदकाची वाफ अजून नाकात आहे," शास्त्रीबुवा पुटपुटले.

डॉक्टरबाईही म्हणाल्या, "एकावरून काही ठरत नाही. चाळीस जण तरी तपासू."

पण त्या गावात देवीला कौल लावायची रीत. मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. सोनू गुरव पुढं आला. "बाई, कौल काय चाळीसदा लावतात? झाला तो झाला." मागे तर रांगच लागली. एक जण पेटीला हात जोडून विचारतोय – "म्हशीला रेडा होईल की पारडी?"

गाभाऱ्याचा पडदा पडला, दिवा विझला. इतक्यात द्वारकाकाकू चहा घेऊन आल्या. दिवा लागला.

"चहाचा आहे तो," शास्त्रीबुवा घाईनं म्हणाले.

"काकू, कप ठेवून या बघू," सोनू म्हणाला. काकू गेल्या, रिकाम्या हातांनी आल्या. दिवा पुन्हा लागला.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता तुम्हीच सांगा. मनात काही हवं होतं का? नव्हतं म्हणालात, तर माझं यंत्र खोटं आणि ग्रंथ वाचला."

पेच पाहा, मंडळी. "नव्हतं" म्हटलं की ग्रंथ वाचतो – पण ते गावासमोर बायकोला ऐकवायचं!

काकूंनी पदर खोचला. "बोला की. मीही ऐकते."

शास्त्रीबुवांनी मांडीवरच्या ग्रंथाकडे पाहिलं. मग काकूंच्या नखांकडे. नखांत अजून काजळी होती.

"हवं होतं," ते म्हणाले.

"काय ते?"

"तू जरा बसावंस इथं. सकाळपासून उभी आहेस."

काकू बसल्या. दिवा काही विझेना. डॉक्टरबाईंनी पेटीवर दोन थापा मारल्या, तरी विझेना.

शास्त्रीबुवा उठले आणि ग्रंथ घेऊन तळीकडे निघाले, टोपीसकट. मागे वायरी, वायरींमागे पेटी, पेटीमागे डॉक्टरबाई! प्लग निसटला, देवळातला बल्बही गेला. ग्रंथ पाण्यात सोडून शास्त्रीबुवा वळले. "बाई, दिवा एकच, हे मान्य. पण मोदक खाल्ला आणि तो विझला. हिच्यापुढं चाळीस वर्षांत विझला नाही. तेवढं मोजायला पुन्हा या."

आणि आपण? देवापुढं म्हणतो, "मला काही नको" – आणि मुठीत मागण्यांची यादी! दिवा लागला याची लाज धरू नका. तो किती वेळ टिकतो ते पाहा. आता शिऱ्याचा वास येतोय, इथून मला सगळ्यांचे दिवे दिसताहेत. प्रसाद मिळेलच. तो खाऊन झाला की मात्र एकदा मागे वळा – देवाकडं पाहा, आणि जी सकाळपासून शिरा ढवळत उभी आहे, तिच्याकडंही.