समजा, नाना खरं बोलतात

माझं माहेर अमळनेर तालुक्यातलं, बोरी नदीच्या काठचं. बाप सायकली दुरुस्त करायचा, पंक्चर काढायचा, आई लोकांच्या शेतात जायची, नी मी दहावीपर्यंत शिकले. दहावीपर्यंत म्हणजे नीट शिकले बरं का ताई, नुसती पाटी मिरवत नाही. गणिताले आम्हाले भामरे बाई होत्या, उंच, सावळ्या, आवाज असा की मागच्या बाकावरची झोपलेली पोरगी उठून बसायची. त्यांनी एके दिवशी फळ्यावर दोनचं वर्गमूळ लिहिलं नी म्हणाल्या, हे अपूर्णांकात लिहिता येत नाही, नी हे आपल्याले आज सिद्ध करायचंय. आणि पहिलीच ओळ काय लिहिली? समजा, लिहिता येतं. मी म्हटलं, बाई चुकल्या. येत नाही म्हणतात नी येतं असं लिहितात. तर बाई हसल्या. म्हणाल्या, खोट्याले पहिले खुर्ची द्यायची, बस म्हणायचं, तुझं म्हणणं मान्य म्हणायचं, मग त्याचाच हात धरून एकेक पायरी चालायचं.

आता तुम्ही विचारलंच आहे तर सांगते, अजून तोंडपाठ आहे. समजा वर एक संख्या, खाली एक संख्या, नी जेवढी काटाकाटी करायची तेवढी करून झाली, दोघींले भाग जाईल असं काही उरलं नाही. मग दोन्हीकडे वर्ग करायचा. तर वरची संख्या सम निघते. अजून पुढं चाला, खालचीही सम निघते. दोन्ही सम म्हणजे दोनानं भाग जातोच की. मग काटाकाटी झाली होती म्हणत होता ती कुठं गेली? तूच म्हटलं ना झाली? विसंगती. म्हणून गृहीत चूक. बाईंनी खडू ठेवला नी हात झटकले. माझ्या अंगावर काटा आला ताई, खोटं नाही सांगत. बाई म्हणाल्या, हे पहिल्यांदा कोणी शोधलं त्याचं नावगाव धड कोणाले माहीत नाही, पण जगात कुठंही जा, ह्याच्यातली एक ओळ बदलणार नाही.

मी कुठं जाणार जगात, मी आले सुरतले, उधन्याले, लग्न होऊन. मनीषा माझी पोरगी, तिचे पप्पा लूमवर होते. लूम म्हणजे यंत्रमाग, नी कारखान्याले इथं खातं म्हणतात. मी घरी साड्यांले टिकल्या चिकटवायची. ते घरी आले की जोरात बोलायचे, शेजारी म्हणायचे नवराबायको भांडतात काय रोज. भांडण कसलं, कान गेले होते त्यांचे. तिथं शेजारच्या लूमवरचा माणूसही बोललेला ऐकू येत नाही, सगळे हातानं बोलतात, दोरा तुटला की असं बोट, पाणी पाहिजे की असा अंगठा, नी कानाशी हात नेऊन पंजा हलवला की ऐकू नाही आलं. घरीसुद्धा मीठ कमी पडलं तर बोटानंच सांगायचे, नी मनीषा लहानपणी तेच शिकली.

नी मग त्या खात्याले आग लागली. माणूस कोणी गेला नाही, देवाची कृपा, पण लूम जळाले, नी दुसऱ्या दिवशी नाव आलं ह्यांचं. आणलं कोणी? सुकदेव नानानं. माझा चुलत जेठ, म्हणजे ह्यांचा थोरला चुलतभाऊ, त्याच खात्यात कामाले, त्यानंच ह्यांले गावाहून आणून कामाले लावलेलं. भगवान, म्हणजे मनीषाचे पप्पा, आत बिडी पीत होता, त्यानं आग लागली म्हणे. ह्यांनी कधी आत बिडी पेटवली नाही, पण विचारतं कोण. शेठनं ह्यांले काढलं नी नानाले मास्तर, म्हणजे खात्याचा मुकादम केलं. पुढं उधन्यात, पांडेसऱ्यात, कोणी लूमवर उभं केलं नाही. पोतीच उचलली मग, जमेल तोवर. गावाकडे लग्नात गेलो की पोरं मागून म्हणायची, काका, बिडी आहे का? ह्यांले ऐकू यायचं नाही, ते हसून मान हलवायचे. मले यायचं ना ऐकू. तो आवाज माझ्या कानातून अजून जात नाही. पुढं छातीच्या दुखण्यानं ते गेले, नी नाना खांदा द्यायले सगळ्यांच्या पुढं.

मग मनीषा दहावीले होती, गुजराती शाळेत, तिचं पुस्तक उघडं पडलेलं. मले गुजराती बोलता येतं, वाचता फारसं येत नाही. पण पान पाहिलं नी थांबले. तेच. दोनचं वर्गमूळ, तीच वर-खाली दोन अक्षरं, तेच वर्ग, नी शेवटी तेच. मी बोट ठेवून पोरीले ओळ न ओळ मराठीत सांगितली, ती गुजरातीत वाचत होती, दोघी एका वेळी खाली पोचलो. ती म्हणे, मम्मी, तुला कसं येतं? मले रडूच कोसळलं. भामरे बाई खऱ्या ठरल्या होत्या.

त्याच दिवशी टिकल्या चिकटवता चिकटवता डोक्यात आलं. नानाच्या गोष्टी दोन होत्या. गावाकडच्या लोकांले सांगायचा, मी दारातून ओरडलो, भगवान, बिडी विझव, तर तो मागच्या लायनीतून हसून म्हणाला, बिडीघाई कोठे आग लागस का, म्हणजे बिडीनं कुठं आग लागते का. नी इथं लूमवाल्यांले सांगायचा, चालू लूममधून मी जिवाची पर्वा न करता धावलो नी मेन स्विच पाडला, तेव्हा कुठं खातं थांबलं. गावाकडच्यांले लूमचा आवाज माहीत नाही, नी लूमवाल्यांले पहिली गोष्ट माहीत नाही. दोन्ही माणसं एका जागी आली पाहिजेत, बस. मी वाट पाहत बसले. देवाले दिवा लावताना तेवढंच मागायची.

नी आली की. नाना निवृत्त झाला, समाजाच्या हॉलमध्ये सत्कार ठेवला. खान्देशातून पाहुण्यांची गाडी भरून आली, खात्यातले सगळे आले, ओडिया, भय्ये, तेलुगू. मी विधवा, मले ओवाळायले कोण बोलावणार. मी माइक मागितला. हिंदीत बोलले, सगळ्यांले कळावं म्हणून. म्हटलं, नाना आमच्या घराचे आधार, त्यांनी आगीची गोष्ट आज स्वतःच्या तोंडानं सांगावी. फुगला ना तो. धावल्याची सांगितली, टाळ्या पडल्या. मी म्हटलं, नी ओरडल्याची? पाहुणे म्हणाले, हो हो, तीही सांगा. ती सांगितली. मनीषाच्या पप्पांचं बोलणं अगदी त्यांच्या आवाजात करून दाखवलं.

मी म्हटलं, समजा, नाना खरं बोलतात. दारातून ओरडले, मागच्या लायनीतून उत्तर ऐकलं. म्हणजे लूम बंद होते. नी समजा, नाना खरं बोलतात. स्विच त्यांनी नंतर पाडला, तोवर खातं थांबलंच नव्हतं. म्हणजे लूम चालू होते. लूम एक तर चालू असतो, नाहीतर बंद. नाना, तुम्हीच सांगा, कोणता होता?

मग पुढच्या रांगेतल्या एका ओडिया म्हाताऱ्या कारागिरानं नानाकडे पाहून कानाशी हात नेला नी पंजा हलवला. मग त्याच्या शेजारच्यानं. मग मागच्या रांगा. सगळं खातं बसल्या जागी कानाशी हात नेऊन हलवत होतं, नी पाहुणे एकमेकांले विचारत होते हे काय, नी ज्याले कळत होतं तो दुसऱ्याले सांगत होता. नानाच्या गळ्यात हार तसाच.

आग कशानं लागली ते मी सिद्ध केलं नाही ताई. ते मले येत नाही, नी येतं असं मी म्हणणार नाही. मी एवढंच दाखवलं की हा माणूस खोटं बोलला. माझ्यापुरतं तेवढं पुष्कळ आहे.

आता नाना चहाच्या टपरीवर जात नाही. गेला की कोणीतरी कानाशी हात नेतं, नी पोरं मागून विचारतात, नाना, लूम चालू होता का बंद? परवा जाऊबाई, नानाची बायको, आल्या होत्या, रडत होत्या, म्हणे आता पुरे कर, माफ कर. चांगली बाई आहे, तिचा काही दोष नाही, मी चहा केला. मग म्हटलं, समजा, मी माफ केलं. म्हणजे मनीषाच्या पप्पांनी काही सोसलंच नाही असं धरावं लागेल. ते बसतं का कुठं? तिनं चहा अर्धा ठेवला नी गेली.

मनीषा म्हणते मम्मी, सोड आता. मी नाही सोडणार. पण शाप देत नाही मी कोणाले, माझ्या आईनं तसं शिकवलं नाही. मी रोज नानासाठी देवाकडे मागते. म्हणते, त्याले भरपूर आयुष्य दे. नी कान शेवटपर्यंत चांगले ठेव.