वरचा दिवा, खालचा दिवा

...आणि वर मलाच विचारते ती डॉक्टरीणबाई, "आजोबा, ह्या ठिपक्यांमध्ये आकडा कुठला दिसतोय?" आता मला सांगा, ठिपक्यांमध्ये आकडा असतो का? पानभर नुसते ठिपके, कागदाला कांजिण्या आल्यासारखे! मी चष्मा पुसला, पुस्तक लांब धरलं, जवळ धरलं, उलटं धरलं... म्हटलं, बाई, छपाई बिघडलीय. तर शेजारी बसलेली आमची ही, जिला चष्म्याशिवाय सुईचं भोक दिसत नाही, ती लांबूनच म्हणते, "चौऱ्याहत्तर." म्हटलं, तू गप्प बस, उगाच अंदाजपंचे ठोकू नकोस. तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरोबर."

तुम्हाला सांगतो, मी माझे डोळे दाखवायला गेलोच नव्हतो. मी गेलो होतो भांडायला, हिला आणि मुलीला घेऊन. माझा नातू, मुलीचा मुलगा, त्याला लहानपणापासून रेल्वेचं इंजिन चालवायचं वेड. लेखी परीक्षा पास, तोंडी पास, आणि डोळ्यांच्या तपासणीत नापास! का, तर म्हणे लाल आणि हिरवा दिवा वेगळा ओळखता येत नाही. अहो, त्यात ओळखायचंय काय? वरचा लागला की थांबायचं, खालचा लागला की निघायचं. सगळं जग तसंच करतं ना? मी जन्मभर असाच रस्ता ओलांडतोय. पण ह्या लोकांनी काय करावं, पोराला अंधाऱ्या खोलीत बसवून एकच दिवा दाखवला. एकच! आता एकटा दिवा वरचा की खालचा, हे तो सांगणार कसं? ही काय परीक्षा झाली?

पोरगं घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडलं. जेवेना, बोलेना. मुलगी रडून रडून बेजार, कारण तिला सांगितलं होतं, हा दोष जन्मजात आहे, घराण्यातून येतो. मी ताडकन म्हटलं, आमच्या घराण्यात असलं काही नाही. जावयाकडे चौकशी करा. त्याचे वडील भर दुपारी उघड्या दारावर आपटायचे, मी स्वतः पाहिलंय!

तर डॉक्टरीणबाई म्हणतात, "हे वडिलांकडून मुलाला येत नाही. आईकडून येतं." म्हटलं, अहो, पण मुलीला सगळे रंग दिसतात. "दिसणारच," म्हणाल्या. आता ह्यापुढे माणसानं बोलावं काय? जिला दिसतंय तिनं न दिसणं आणलं कुठून? मग त्यांनी कागद ओढला, चौकोन काढले, गोल काढले, रेघा मारल्या... "बायकांकडे हे गुणसूत्र जोडीनं असतं, एक बिघडलं तरी दुसरं भागवून नेतं. पुरुषाकडे ते एकच, आणि तेही आईनं दिलेलं." सूत्र म्हणजे धागा, एवढं मला कळलं, मी शिंपी आहे. जोडधाग्यातला एक तुटला तरी शिवण टिकते, हेही कळलं. पण म्हटलं, मग जावई काय नुसता हात हलवत आला? "त्यांनी मुलाला दुसरं दिलं, त्यात ह्या रंगांचं काही नसतं." बरं. मग मुलीला हा बिघडलेला धागा दिला कोणी?

तर बाई पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. मुलगीही माझ्याकडे. ही मात्र खिडकीबाहेर. मी मागे वळून बघितलं, मागे कोणीच नव्हतं.

मग ते ठिपक्यांचं पुस्तक निघालं. ते मी तुम्हाला सांगितलंच.

आता मला सांगा, मी जन्मभर कपडे शिवतोय! एकाही गिऱ्हाइकानं कधी रंगावरून तक्रार केली नाही. रस्ताभर मी हिला तेच ऐकवत आलो, की आमच्या घराण्यात असलं काही नाही, असतं तर दुकान चाललं असतं का? ही दुकानात शिरली, काउंटरखालचा दोऱ्यांचा ड्रॉवर उघडला आणि म्हणाली, "ह्याला हात लावला की मी का ओरडते, कधी विचारलंत?"

म्हटलं, तुला टापटिपीची हौस आहे म्हणून.

"तुम्ही लग्नानंतर पहिल्याच वर्षी एका तपकिरी कोटाची काजं हिरव्या दोऱ्यानं करून ठेवली होतीत. तुम्ही दुपारी जेवून आडवे झालात आणि मी ती सगळी उसवून तपकिरी दोऱ्यानं पुन्हा केली. तेव्हापासून रिळं मी लावते."

मग एकेक आठवायला लागलं. शिवायला घेतलेल्या प्रत्येक कापडावर रीळ आधीच काढून ठेवलेलं असायचं. ही बहिणीकडे निघाली की म्हणायची, दुकान बंद ठेवा, मशीनला तेल घाला. अहो, किती तेल घातलं मी त्या मशीनला! म्हटलं, एवढी वर्षं बोलली का नाहीस? तर म्हणे, "तुम्हाला शिवताना बघायला बरं वाटायचं." खरं सांगतो, मला हिचा राग यायला हवा होता, आणि मला रडूच यायला लागलं. आणि मागोमाग आलेल्या मुलीला बघून तर जास्तच. एवढं प्रेमानं वाढवलं पोरीला, आणि नेमकं हेच तिच्या हातून माझ्या नातवापर्यंत पोचलं.

मी परत एकटाच गेलो डॉक्टरीणबाईंकडे. म्हटलं, तुम्ही लोक म्हणे पिकांमधले धागे बदलता, कीड लागत नाही असं वाण काढता. मग पोराचा एवढा एक धागा उसवून दुसरा घाला की, टाके मी मोजून देतो. त्या हसल्या नाहीत, हे विशेष. म्हणाल्या, "प्रयोग चालू आहेत आजोबा. पण रेल्वे तोवर थांबणार नाही."

शेवटी पोरगंच उठलं. म्हणालं, "इंजिन नाही तर नाही आजोबा, तुमचं मशीन तरी शिकवा." म्हणजे एका दुकानात आता आम्ही दोघं, आणि ड्रॉवर एक. त्याचं लग्न जिच्याशी ठरलंय ती मुलगी परवा आली, तर हिनं तिला हाताला धरून थेट ड्रॉवरपाशी नेलं, माझ्यादेखत! म्हणाली, "हे नीट बघून ठेव." ती पोर म्हणते, "मला सवय आहे आजी. माझे बाबापण असेच आहेत."

मी उडालोच. म्हटलं, थांबा! म्हणजे ह्यांना मुलगा झाला आणि त्याला रंग दिसले नाहीत, तर तो दोष ह्या पोरीकडचा! आमच्या घराण्यातलं त्यात काही नाही! परत धावत गेलो, विचारून आलो. बाई म्हणाल्या, "बरोबर. पण मुलीला तसं झालं, तर दोन्हीकडचा." आता ह्यातलं मला काही कळलं असेल तर शपथ.

हिला मात्र काय ते कळलं. म्हणाली, सुताराला बोलवा, ड्रॉवर मोठा करून घेऊ. सुतार आला, मापं घेतली, आणि जाता जाता मला विचारतो, "काका, रंग कुठला देऊ?"

म्हटलं, बाबा रे, आत जा आणि काकूंना विचार.